ट्यूडलीची निळी खिडकी आणि चरईतला जिना

ठाण्यात, नौपाड्यातले आमचे दुकान तसबिरींचे आहे. वडिलांनी ते सुरू केले तेव्हा देवादिकांच्या तसबिरींना मागणी अधिक होती. माझ्या हाती आले तोवर गेलेल्या माणसांच्या फोटोंना चौकटी घालणे हेच निम्म्याहून अधिक काम होऊन बसले होते. तेराव्याच्या आत फोटो भिंतीवर लागायला हवा असतो, त्यामुळे घाई असते, आणि गिऱ्हाइकाचे मागणे बहुधा एकच असते: चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. खाली नाव आणि दोन तारखा, वर चंदनाचा हार. गेली बत्तीस वर्षे मी हे काम मन लावून करत आलो आहे आणि त्यात काही उणे आहे असे मला बराच काळ वाटले नव्हते.

तसे वाटायला लावणारे काम माझ्याच हातून झाले. २०११ च्या सुमारास चरईत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई दुकानात आल्या. कुटुंब ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे भागातले मूळचे ख्रिस्ती. आई वर्षभरापूर्वी गेलेली. त्यांना फोटोची चौकट नको होती. त्यांच्या दुमजली घराच्या जिन्यात पश्चिमेकडे एक उभी खिडकी आहे. आई रोज संध्याकाळी त्या खिडकीखालच्या पायरीवर बसून रोजरीची प्रार्थना म्हणत असे. त्या खिडकीत, चर्चमध्ये असते तशी रंगीत काच आईच्या स्मरणार्थ बसवावी, अशी बाईंची इच्छा होती. शिशाच्या पट्ट्यांत जोडलेली खरी रंगीत काच मला येत नव्हती. येत नाही असे सरळ सांगण्याऐवजी मी साध्या काचेवर रंगीत फिल्म चिकटवली, वर काळ्या रेघा ओढल्या आणि दोन दिवसांत काम उरकले. लांबून ते बरे दिसले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फिल्मच्या कडा सुटल्या, पुढच्या उन्हाळ्यात तांबडा रंग विटून फिकट गुलाबी झाला, मधोमध फोड आले. बाईंनी तक्रार केली नाही. काही वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या खिडकीवर पडदा लावलेला दिसला. त्या पडद्याखालून मी मान खाली घालून जिना उतरलो.

मे २०१९ मध्ये आम्ही उभयता लेकीकडे इंग्लंडला गेलो. ती केंटमध्ये टनब्रिजला राहते. तिथून अगदी जवळ, शेतांच्या मधोमध ट्यूडली नावाचे लहानसे गाव आहे आणि गावाला विटांच्या मनोऱ्याचे एक साधे चर्च आहे. एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती धर्मग्राम म्हणतात, तसे हे एका खेड्याचे धर्मग्राम. बाहेरून पाहणाऱ्याला आत काही विशेष असेल असे वाटणार नाही. आत पाऊल टाकले आणि सौभाग्यवतींच्या पांढऱ्या शालीवर निळा उजेड पसरला. वेदीमागची, पूर्वेकडची मोठी खिडकी सकाळच्या उन्हात होती. मी काचेच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे जवळ जाऊन आधी शिशाच्या रेषा पाहू लागलो. सौभाग्यवती मात्र लांबूनच पाहत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "खाली पाण्यात ती मुलगी झोपली आहे का हो?"

ती झोपलेली नाही. तिचे नाव सारा. ट्यूडलीजवळच्या सॉमरहिल या वाड्यात राहणाऱ्या सर हेन्री द'अव्हिग्दोर-गोल्डस्मिड यांची ती मुलगी. वडील ज्यू, आई अँग्लिकन. सप्टेंबर १९६३ मध्ये राय या किनाऱ्यावरच्या गावापासून जवळच शिडाच्या होडीला झालेल्या अपघातात ती बुडाली, तेव्हा ती २१ वर्षांची होती. त्याच्या दोन वर्षे आधी मायलेकींनी पॅरिसमध्ये मार्क शागाल या चित्रकाराने जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातील प्रार्थनागृहासाठी केलेल्या बारा खिडक्या प्रदर्शनात पाहिल्या होत्या आणि साराला त्यांनी भारून टाकले होते. मुलीच्या स्मरणार्थ गावच्या चर्चमध्ये खिडकी करायचे ठरले तेव्हा आईवडिलांनी शागाललाच गाठले. आताच्या बेलारूसमधल्या व्हितेब्स्क शहरात, ज्यू कुटुंबात जन्मलेला हा चित्रकार एका इंग्रज खेड्यातल्या ख्रिस्ती वेदीमागे बुडालेल्या मुलीची गोष्ट काचेत मांडायला तयार झाला, ही घटना मला अजूनही थांबून विचार करावा अशी वाटते.

१९६७ मध्ये ती खिडकी बसली. शागाल स्वतः आला होता. त्याने ते छोटे चर्च पाहिले आणि उरलेल्या सगळ्या खिडक्याही आपणच करू असे सांगितले. तेव्हा तो ऐंशीचा होता. पण आधीच्या, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या चित्रकाचा, म्हणजे रंगीत काचेत केलेली चित्रे, तिथे होत्या. त्या काढल्याशिवाय नव्यांना जागा नव्हती, आणि जुने काढायला चर्चची मंडळी सहजी राजी होईनात. मला त्यांचे वागणे रास्त वाटते. इंग्लंडच्या गावचर्चमध्ये बहुतेक जुन्या खिडक्या कोणा ना कोणाच्या स्मरणार्थ असतात, आणि एकाचा शोक कितीही मोठा असला तरी त्यासाठी दुसऱ्याची आठवण उचलून बाजूला ठेवणे ही हलकी गोष्ट नाही. तिथे भिंतीला नुसती पाटी लावायची तरी धर्मप्रांताची रीतसर परवानगी लागते. शेवटी जुन्या काचा फोडल्या वा विकल्या नाहीत. त्या आतल्या खोलीत हलवल्या. शागालच्या शेवटच्या खिडक्या १९८५ साली बसल्या आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, तो गेला. आज त्या चर्चच्या बाराही खिडक्या त्याच्या आहेत. बहुतेक निळ्या आहेत. दक्षिणेकडच्या दोन मात्र पिवळ्याधमक, आपल्याकडे अमलताश फुलतो तशा.

पूर्वेच्या खिडकीपाशी पुन्हा जातो, कारण तिच्याबद्दल लिहिण्यासाठीच हा लेख आहे. तळाशी काळसर निळे पाणी आहे आणि त्यात आडवी झालेली, जेमतेम रेषांत उमटलेली एक देहाकृती. काठावर मुलांना कवेत घेतलेली एक स्त्री, बाजूला शोक करणारी माणसे. मध्ये एक तांबडा घोडा. एक शिडी वर जाते आणि सर्वात वर क्रूसावरचा येशू आहे. पण तो वेदनेने पिळवटलेला नाही, तरुण आहे आणि हात पसरून कोणाला तरी जवळ बोलावत असावा तसा आहे. मुलीचा चेहरा ओळखू येत नाही. माझ्या दुकानात असे काम कोणी घेऊन आले असते तर मी ते परत केले असते.

आता शिशाच्या रेषांविषयी. जुन्या चित्रकाचेत शिशाची पट्टी आकृतीच्या कडेने फिरते: जिथे तांबडा झगा संपतो आणि निळे आकाश सुरू होते तिथे जोड, कारण दोन रंग म्हणजे दोन वेगळ्या काचा. रंग काचेवर लावलेला नसतो, तो काचेच्या रसातच मिसळलेला असतो. कोबाल्टने निळी, मँगनीजने जांभळी, तांब्याने किंवा सोन्याने तांबडी. तांबडी काच जाड केली तर ती काळी दिसते, म्हणून पांढऱ्या काचेवर तांबड्याचा अगदी पातळ थर चढवतात. चेहरा, केस, कापडाच्या चुण्या यांसाठी लोखंडाची भाजलेली पूड आणि काचेची बारीक पूड कालवून केलेला काळपट रंग कुंचल्याने लावतात आणि काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात, म्हणजे तो रंग काचेत वितळून कायमचा बसतो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चांदीच्या क्षाराने काचेला पिवळा रंग देण्याची युक्ती युरोपातल्या कारागिरांना मिळाली, आणि तेव्हापासून एकाच तुकड्यावर पांढरा चेहरा आणि सोनेरी केस शक्य झाले.

शागालसाठी हे सगळे फ्रान्समधल्या रँस शहराच्या शार्ल मार्क या काचकारागिराने केले. त्याने पातळ थराच्या काचेवर आम्लाने तो थर कुठे अर्धा, कुठे पूर्ण उतरवण्याची पद्धत इतकी पुढे नेली, की एकाच तुकड्यात गडद निळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत सगळ्या छटा येऊ लागल्या. त्यामुळे शिशाला आकृतीच्या कडेने फिरण्याची गरजच उरली नाही. ट्यूडलीत शिशाच्या रेषा पाण्याच्या पोटातून, देहाच्या आरपार, आपल्या मर्जीने जातात, भरतीनंतर वाळूवर राहिलेल्या पाण्याच्या वाटांसारख्या. मी एका जागी बोटाने ती रेषा हवेतच गिरवत उभा होतो आणि चरईतल्या खिडकीवर मी ओढलेल्या काळ्या पट्ट्या मला आठवत होत्या. त्या पट्ट्या काहीच धरून ठेवत नव्हत्या.

ट्यूडलीनंतर मी अशा खिडक्यांच्या मागेच लागलो. लेकीने आणि जावयांनी दोन रविवार त्यासाठी दिले. इंग्लंडच्या खेड्यांत पहिल्या महायुद्धानंतर बसवलेल्या खिडक्या खूप दिसतात आणि त्यामागे एक कारण आहे जे मला तोवर माहीत नव्हते. युद्धात पडलेल्या सैनिकांचे देह मायदेशी आणण्यास १९१५ मध्ये ब्रिटिशांनी बंदी घातली. श्रीमंताने आपल्या मुलाला घरी आणावे आणि शेतमजुराच्या मुलाने तिकडेच राहावे, हे न्यायाचे नव्हते. परिणाम असा झाला की गावोगावच्या आयांना थडगेच नव्हते. ते फ्रान्समध्ये होते, मेसोपोटेमियात होते, कित्येकांचे कुठेच नव्हते. म्हणून गावच्या चर्चमध्ये जी खिडकी बसली ती नुसती आठवण नव्हती, फुले घेऊन जाण्याची ती एकमेव जागा होती. बहुतेक खिडक्यांत सेंट जॉर्ज किंवा देवदूत मायकेल चिलखत घालून उभे असतात, आणि खरे सांगायचे तर चार-पाच पाहिल्यावर ते सारखेच वाटू लागतात.

सारखी नसलेली एक जागा मी केवळ छायाचित्रांतून पाहिली आहे. केंब्रिजशरमधल्या स्वॉफम प्रायर या खेड्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये युद्धाच्या स्मरणार्थ ज्या खिडक्या आहेत, त्यांत रणगाडा आहे, पाणबुडी आहे, विमान आहे, आकाशात झेपेलिन हे हवाई जहाज आहे आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियाही आहेत, आणि खाली बायबलमधली वचने. चर्चच्या काचेत यंत्रे पाहून प्रथम विचित्र वाटते. पण गावातली मुले ज्या यंत्रांनी मेली तीच तिथे दाखवण्याचे धैर्य कोणीतरी केले, याचा मला आदर वाटतो. याच्या अगदी उलट टोकाला हॅम्पशरमधले सेलबोर्न आहे. तिथे गावातच आयुष्य काढून पक्ष्यांची निरीक्षणे लिहून ठेवणारे गिल्बर्ट व्हाइट हे पाद्री १७२० साली जन्मले. त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ जी खिडकी बसवली, तिच्यात व्हाइट नाहीत. पक्ष्यांना उपदेश करणारे संत फ्रान्सिस आहेत आणि भोवती व्हाइटनी ज्यांच्याविषयी लिहिले ते पक्षी आहेत. माणसाचे ज्यावर प्रेम होते ते काचेत आले, माणूस आला नाही.

ठाण्याला परतल्यावर कौपिनेश्वराच्या देवळात गेलो तर नजर आपोआप "यांच्या स्मरणार्थ" अशा पाट्या शोधू लागली. आपल्याकडे त्यांची वाण नाही. पायरीवर, बाकावर, घंटेवर, पंख्याच्या पात्यावर, पाणपोईवर कोणा ना कोणाचे नाव असते. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावात त्याच पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे. हे सगळे मला जवळचे आहे. आणि या सगळ्याच्या आधीचे, चित्रकाचेशी नाते सांगणारे जे आहे ते म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरून उभारलेला दगड. ठाणे ही शिलाहारांची राजधानी, त्यांचे श्रीस्थानक. बोरिवलीजवळ एकसरला त्या काळातले वीरगळ आहेत आणि त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत युद्ध आणि पडलेला वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ट्यूडलीच्या खिडकीत तळाला समुद्र, मग किनारा, मग शिडी आणि वर येशू. दगडात असो की काचेत, गेलेल्याची गोष्ट सांगणाऱ्या कारागिराने तळापासूनच सुरुवात केली. एकसरच्या वीरांचे चेहरे आता झिजले आहेत. मी तिथे पुन्हा गेलो तेव्हा वीरगळापाशी एक मुलगा क्रिकेटचा चेंडू शोधत होता आणि मला वाटले की फरक काही असेल तर तो इथेच आहे. दगडाकडे आपण जातो. खिडकीचा उजेड आपल्याकडे येतो, आपण तिथे लग्नासाठी आलेले असू, बारशाला आलेले असू किंवा नुसते पाऊस चुकवायला आत शिरलेले असू. साराला न ओळखणाऱ्या एका ठाणेकर बाईच्या शालीवर तो पडला होता.

मुंबईत जुन्या चर्चच्या खिडक्या दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर माझ्या ओळखीचे होते. २०२१ पासून दोन वर्षे मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जात असे. काच कापणे मला येत होतेच, बाकी सगळे नव्याने शिकावे लागले. शिशाची पट्टी आधी दोन टोकांना धरून ताणावी लागते, म्हणजे ती सरळ आणि कणखर होते. तिला दोन्ही बाजूंनी खाचा असतात, त्यांत काचेचे तुकडे सरकवायचे, सांध्यांना डाख द्यायचा, आणि मग जवसाचे तेल व खडूची पूड मळून केलेली लांबी पट्टीखाली अंगठ्याने भरायची. ही लांबी भरली नाही तर खिडकी वाऱ्यात खडखडते आणि पाणी आत येते. मोठ्या खिडकीला आडव्या सळया देऊन तांब्याच्या तारांनी बांधतात, कारण शिसे मऊ असते आणि स्वतःच्याच वजनाने फुगते. शंभर-सव्वाशे वर्षांनी ते थकते आणि सगळी खिडकी उतरवून नव्या शिशात बसवावी लागते. काच तीच राहते. म्हणजे अशी खिडकी करणारा माणूस ती कोणाच्या तरी भरवशावर सोडून जातो. त्या वृद्ध कारागिरांनी हे मला शब्दांत कधी सांगितले नाही, पण उतरवलेल्या जुन्या शिशाचे तुकडेही ते डब्यात जपून ठेवत आणि नव्या पट्टीची मापे त्यांवरून घेत.

जानेवारी २०२४ मध्ये मी चरईला बाईंच्या घरी गेलो आणि ती खिडकी पुन्हा करून देण्याची परवानगी मागितली. पैशांचा विषय मी निघू दिला नाही. बाई म्हणाल्या, "भाऊ, मी तर ती विसरूनही गेले होते." मग त्यांनीच पडदा बाजूला केला. चित्र काय असावे यावर आम्ही बराच वेळ बोललो. मी पवित्र मरियेचे नाव काढले, त्यांना ते नको होते. आईचे नाव घालावे का, असे विचारले; त्यालाही त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्या आतून एक जुने लुगडे घेऊन आल्या, ईस्ट इंडियन बायका सणासुदीला नेसतात तसे तांबड्या चौकटींचे, हातमागाचे, आणि म्हणाल्या की आई पायरीवर बसली की मला आधी हे दिसायचे.

तेच घेतले. चार आडव्या ओळी, प्रत्येकीत तीन चौकटी, सगळ्या तांबड्या पण एकही दुसरीसारखी नाही. तळाला काठाची एक पिवळी पट्टी. तांबड्या काचेचे तुकडे मी उजेडासमोर धरून निवडले आणि एका तुकड्याच्या कडेला भट्टीतला लहानसा बुडबुडा होता, तो मुद्दाम बाईंच्या डोळ्यांच्या उंचीला येईल असा बसवला. मार्चमध्ये खिडकी लागली. साडेपाचच्या सुमारास ऊन उतरते आणि चौकटी जिन्यावर येतात. बाई सांगतात की थंडीत त्या उजवीकडच्या भिंतीवर सरकतात, मे महिन्यात कठड्याकडे येतात आणि पावसाळ्यात पायऱ्यांवर काहीच नसते, खिडकीच तेवढी आतून पेटल्यासारखी दिसते. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा लहान मुलगा तिथेच बसून शाळेचे बूट काढतो. ही काच कोणासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

पावसाळा संपला की दर ऑक्टोबरात मी एकदा जाऊन पाहतो. यंदा दुसऱ्या ओळीतल्या एका चौकटीची लांबी जराशी सुटली होती. ती खरवडून नव्याने भरली, काच दोन्ही बाजूंनी पुसली, आणि ऊन खालच्या पायरीपर्यंत येईतो बाईंनी केलेला चहा घेत तिथेच बसलो.